दोन फुटी नळी

कोंडाजीनं बाहेरून येऊन दार आपटलं आणि गांगुर्डे सरांची दुपारची झोप मोडली. सरांना झोपेतून उठवणं म्हणजे आग्यामोहोळावर दगड मारणं, हे सातपूरच्या त्या कामगार कॉलनीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एप्रिल महिना, शाळा सकाळची. पहाटे उठून सायकल हाणत नाशकात जायचं, पोरांना विज्ञान शिकवता शिकवता घसा बसवून घ्यायचा, आणि दुपारी भाकरी खाऊन आडवं व्हायचं, एवढंच काय ते सुख सरांच्या वाट्याला होतं. त्यातही मेहुण्यानं दार आपटावं?

“दार तुझ्या बापानं दिलंय का रे?” सर पडल्या पडल्या गरजले.

“कंपनीचं डोकं फिरलंय, दाजी!” कोंडाजीनं डबा फरशीवर आदळला. “भोंगा झाला म्हणून अर्ध्या भाकरीवरून उठून पळालो. तर फाटकात भिमाजी वॉचमन दात काढून हसतोय. म्हणे, दीड वाजलाय, तीनच्या पाळीला आत्ताच आला? घरी जेवाया नाय घालत का? आन मी एकटा नाय, आपल्या कॉलनीतली सगळी पंपवाली उन्हात उभी!”

“घड्याळ बघायला काय झालं होतं?”

“भोंगा असताना घड्याळ कोण बघतं, दाजी?”

कोंडाजीचं काही चुकलं नव्हतं. कॉलनीत माणसं होती दोन कारखान्यांची. पंपाच्या कारखान्याचा भोंगा बारीक, बाईनं हेल काढून रडावं तसा. आणि तारेच्या कारखान्याचा जाड, म्हशीसारखा. दोघांचीही दुपारची पाळी तीनची, आणि दोन्ही भोंगे अडीचला होत. रात्रपाळी करून झोपलेला माणूस दुसऱ्याच्या भोंग्यानं कूसही बदलत नसे आणि आपला झाला की ताडकन उठून बसे. बायका भोंग्यावर कुकर चढवत, पोरं भोंग्यावर शिकवणीला जात. घड्याळं होती, पण ती लग्नात आणि फोटो काढताना घालायची.

सरांना या सगळ्याचा मनस्वी संताप होता. “मेंढरं आहात मेंढरं! एकानं बें केलं की सगळी पळाली. विज्ञानाच्या युगात माणसानं घड्याळावर चालावं, भोंग्यावर नाही!”

तेवढ्यात खरा भोंगा झाला, आधी जाड आणि मग बारीक. कोंडाजी पुन्हा डबा उचलून पळाला. आणि बोलता बोलताच सरांनी उशाखालचं घड्याळ काढलं आणि काटे अडीचवर आणून ठेवले. लग्नातलं ते घड्याळ रोज थोडं थोडं मागं पडे आणि रोज दुपारी भोंगा झाला की सरांचा हात आपोआप किल्लीकडे जाई, बरेचदा डोळेसुद्धा न उघडता. ही गोष्ट सरांनी कुणाला सांगितली नव्हती. खरं तर ती त्यांच्या स्वतःच्याही कधी ध्यानात आली नव्हती.

बुधवारी पुन्हा तेच. वाऱ्याची पहिली झुळूक आली, बारीक भोंगा झाला, आणि पंपवाले काल फसले होते तरी आजही पळाले. न पळून करतात काय? भोंगा खोटा म्हणून घरी बसावं आणि तो खरा निघावा, तर अर्धा रोज बुडायचा. या वेळी मात्र भिमाजी हसला नाही. मुंबईच्या गिरण्या संपानं बंद पडल्या होत्या तो हा काळ. फाटकापाशी चार माणसं बिडी पेटवायला थांबली तरी साहेब लोकांना त्यात संप दिसे. दुपारच्या उन्हात पळत येणारा घोळका बघून पर्सोनेल साहेब स्वतः खिडकीत आले.

“साहेबानं माझ्याकडंच बोट केलं,” घरी आल्यावर कोंडाजीचा चेहरा उतरला होता. “म्हणाला, घेराव घालता काय? तू रे, सगळ्यात पुढं पळणारा, तुझं नाव काय? आता मी काय सांगू, माझे पाय लांब हायेत म्हणून मी पुढं व्हतो?”

सरांच्या पत्नी यशोदाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई! उद्या तर ह्याला बोलावलंय!”

खरी मेख इथंच होती. कोंडाजी यशोदाबाईंचा धाकटा भाऊ. चार वर्षं पंपाच्या कारखान्यात बदली कामगार म्हणून घासत होता, आणि चार वर्षं गांगुर्डे सरांच्या पुढच्या खोलीत खाटेवर पसरत होता. गुरुवारी तीनच्या ठोक्याला त्याला पर्सोनेल साहेबांपुढं उभं राहायचं होतं. साहेबांनी मान हलवली की नोकरी कायम, त्र्यंबक रस्त्याला कंपनीची खोली, आणि पिंपळगावची मुलगी. मुलीच्या बापानं स्पष्ट सांगितलं होतं की बदलीवाल्याला मुलगी देत नाही. यशोदाबाईंचा जीव त्या मुलीत अडकला होता आणि सरांचा त्या खोलीत. खोलीत सरांचा टीव्ही होता, कॉलनीतला पहिला, आणि कोंडाजीचे लांब पाय नेमके त्याच्यासमोर येत.

“उद्या जर तू उशीर केलास,” सर बोट नाचवत म्हणाले, “तर खाटेसकट बाहेर काढीन!”

“उशीर कुठं, दाजी? मी तर रोज लवकर जातोय!”

सर अधिकच भडकले आणि गच्चीवर निघून गेले. टीव्हीतलं चित्र दोन दिवस नीट येत नव्हतं, त्याचाही राग होताच. मुंबईचं चित्र सातपूरला पकडायचं म्हणजे अँटेना ताडासारखी उंच हवी. सरांचा खांब दोन फूट कमी पडत होता, म्हणून सोमवारी त्यांनी त्याच्या टोकाला एक जाड लोखंडी नळी जोडली होती. ही नळी मूळची वर्गातली. तारेच्या कारखान्यातल्या धोंडीरामनं ती भंगारातून कापून दिली होती आणि नळीतल्या हवेतून आवाज कसा घुमतो ते सर तिच्यावर वर्षानुवर्षं पोरांना दाखवत. शाळेला काचेच्या नळ्या मिळाल्यावर ती घरी आली. दोन्ही तोंडं उघडी असलेली ती नळी सरांनी खांबाच्या कडेला पट्ट्यांनी आवळली, तिच्या अंगाला अँटेना बांधली आणि कामाची वस्तू वाया गेली नाही म्हणून ते खूश झाले.

सर टाकीवर चढले, अँटेनाचा कान पिळायला हात वर केला, आणि त्याच क्षणी त्र्यंबककडून वाऱ्याचा झोत आला. नळीच्या तोंडाला घासून गेला. सरांच्या कानापासून हातभर अंतरावर पंपाच्या कारखान्याचा भोंगा झाला.

खाली तीन घरांतून माणसं बाहेर आली. “आता ह्या टायमाला कुठली पाळी?” कुणीतरी ओरडलं. सर टाकीआड खाली बसले. संतापानं त्यांची कानशिलं तापली. संताप आधी नळीवर, मग ती कापून देणाऱ्या धोंडीरामवर, मग वाऱ्यावर, आणि शेवटी भोंगा आणि नळी यांतला फरक न कळणाऱ्या कॉलनीवर. स्वतःपर्यंत तो पोहोचला नाही. सरांचा राग साधारण तिथपर्यंत कधी जात नसे.

नळी काढावी तर अँटेना खाली येणार, आणि रविवारचा सिनेमा बघायला जमणारी अर्धी कॉलनी कारण विचारणार. कारण सांगावं तर पंपवाले सरांनाच खांबाला बांधणार. तेव्हा गुपचूप नळीचा आवाज बंद करणं आलं. वरच्या तोंडापर्यंत हात पोचत नव्हता, खालच्या पोचत होता. सरांनी मोडक्या खुर्चीचा पाय कापून बूच केलं, त्याला फडकं गुंडाळलं आणि दगडानं ठोकून ठोकून ते नळीच्या बुडात बसवलं.

“आता बोंबल!” नळीला एवढं बोलून सर खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात नेमका तोच धडा होता. सरांनी फाउंटन पेनचं टोपण ओठाला लावून शिट्टी वाजवली, मग काचेच्या दोन सारख्या नळ्या दाखवल्या आणि मागच्या बाकावरच्या पोराला उभं केलं. “सांग, दोन्ही तोंडं उघडी असलेल्या नळीचं एक तोंड बंद केलं तर आवाज थांबेल का?”

“हो सर,” पोरगं म्हणालं.

“गाढवा!” सर कडाडले. “थांबेल कशानं? खाली उतरेल! बारीक होता तो जाड होईल! किती वेळा सांगायचं? नुसतं ऐकता, डोक्यात काही शिरत नाही तुमच्या!”

पोरगं बाकावर उभं राहिलं. सर घरी आले, भाकरी खाल्ली आणि आडवे झाले.

झोप लागते न लागते तोच वारा सुटला, आणि लगेच भोंगा झाला. जाड, म्हशीसारखा. सरांनी समाधानानं कूस बदलली. बारीक भोंग्याचा बंदोबस्त झाला होता आणि हा तर तारेच्या कारखान्याचा, म्हणजे खरा. डोळे न उघडता त्यांनी उशाखाली हात घातला. किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं तर काटे दीडवर. “आज चक्क तासभर मागं पडलं!” असं पुटपुटत त्यांनी काटे अडीचवर नेले आणि पुन्हा घोरू लागले.

थोड्या वेळानं कॉलनीत एकच गलका उठला. सर नुसत्या बनियनवर, मनगटावर घड्याळ चढवत गॅलरीत आले. खाली धोंडीराम आणि त्याच्यामागं तारेच्या कारखान्याची सगळी माणसं, घामानं निथळत, हातात डबे घेऊन उभी होती. दोन दिवस पंपवाल्यांना हसून हसून यांची पोटं दुखली होती. आता पंपवाले त्यांना हसत होते, आणि प्रकरण हातघाईवर आलं होतं.

“काय लावलंय हे?” सर गरजले. “माणसांनी झोपायचं की नाही?”

“सर, तुम्हीच न्याय करा!” धोंडीराम वर बघून ओरडला. “आमचा भोंगा आम्ही ह्या कानांनी ऐकला. पळत फाटकावर गेलो तर वॉचमन म्हणतो, दीडच वाजलाय, घरी जा!”

सरांनी मनगट डोळ्यांपुढं धरलं. “दीड? कोण म्हणतो दीड? तीनला दहा कमी आहेत!”

मग धोंडीरामचा आवाज चढला. “म्हणजे वॉचमन खोटं बोलला! आधी भोंगा करायचा, मग दीड वाजला म्हणून घरी पाठवायचं, आन तीननंतर आलो की उशीर म्हणून अर्धा रोज कापायचा! आता समजली कंपनीची चाल!”

“परवा आमच्याशी हेच केलं!” पंपवाले ओरडले. दोन दिवस एकमेकांवर दात खाणारी माणसं एका दमात एक झाली.

“माझ्या भिंतीवरच्या घड्याळात तर दोन पण नाय वाजले,” शेजारच्या लंकाबाई ओट्यावरून म्हणाल्या.

“भिंतीवरचं घड्याळ!” सर फिसकारले. “ते कशावर लावता तुम्ही?”

“भोंग्यावर.”

“मग?” सरांनी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं. “भोंगा खोटा, तर त्यावर लावलेलं घड्याळ खरं कसं असेल? फिरवा काटे! सगळ्यांनी माझ्या घड्याळाप्रमाणे लावा!” बोलता बोलता त्यांना कोंडाजीची आठवण झाली आणि ते आत धावले. कोंडाजी इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर शांतपणे भांग पाडत होता.

“अरे नालायका, तीन वाजतायत! साहेब वाट बघतोय!”

“माझा भोंगा कुठं झाला अजून, दाजी?”

“भोंग्याला लाव काडी! चल!”

सरांनी त्याला अक्षरशः दंडाला धरून सायकलवर मागं बसवलं आणि बनियनवर शर्ट चढवून पायडल मारलं. मागून कॉलनी निघाली. आधी पंपवाले, मग तारवाले, मग तारवाल्यांच्या बायका. दोन्ही कारखान्यांची फाटकं एकाच रस्त्यावर समोरासमोर; पण सर ज्या फाटकापाशी थांबले त्याच फाटकापाशी सगळे थांबले.

भिमाजी वॉचमननं कोंडाजीला पाहिलं आणि हात जोडले. “बाबा, तू रोज काय म्हणून छळतो मला? जा, सावलीत बस. टाइम हाय अजून.”

“टाइम आहे?” सरांनी सायकल आडवी टाकली. “तीन वाजून पाच मिनिटं झालीत! याची आयुष्याची भाकरी तुझ्या फाटकात अडकलीय आणि तू टाइम आहे म्हणतोस?”

“मास्तर, दोन वाजून पाच मिनिटं झालीत.”

“तुझं घड्याळ बंद आहे!”

“चालू हाय की. हे बघा, काटा पळतोय.”

“मग तुझं डोकं बंद आहे!” सरांनी फाटकाच्या गजांवर मूठ आपटली. मागून शे-दीडशे माणसांनी “हो!” म्हणून आरोळी ठोकली. ती कशासाठी ते त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं, पण राग खरा होता.

पर्सोनेल साहेब बाहेर आले ते रुमालानं मान पुसतच. समोर बघतात तर मूठ उगारलेला एक अनोळखी माणूस, त्याच्या मागं आपल्याच नव्हे तर समोरच्या कारखान्याचेही कामगार, आणि बायकासुद्धा. दोन कारखान्यांची माणसं एक झालेली त्यांनी आजवर फक्त पेपरात वाचली होती.

“शांत व्हा, शांत व्हा,” साहेब म्हणाले. “तुमची मागणी काय आहे?”

“मागणी?” सरांना मागणी वगैरे काही ठाऊक नव्हतं, त्यांना फक्त पुढची खोली दिसत होती. “चार वर्षं हा माणूस तुमच्याकडे घासतोय! आज त्याला कायम करायला बोलावलं, आणि वेळ झाली तरी उन्हात उभा! याला आत घ्या!”

“पण मास्तर, अजून अडीचसुद्धा...” साहेबांनी आपलं मनगट पुढं केलं.

“तुमचं घड्याळ कंपनीचंच!” सर म्हणाले, आणि गर्दीनं टाळ्या पिटल्या.

साहेबांनी गर्दीकडे पाहिलं, मग कोंडाजीकडे, मग पुन्हा गर्दीकडे. “हे बघा, याचं आम्ही आधीच ठरवलं होतं. कायम झाला समजा. आत ये रे, सही कर.” कोंडाजी फाटकातून आत गेला तो जमिनीवर पाय ठेवतोय की नाही हेच कळत नव्हतं. “आणि बाकीच्यांचं काय?” साहेबांनी विचारलं.

“भोंगा!” धोंडीराम पुढं सरसावला. “भोंगा टायमावर व्हत नाय! कवाबी व्हतो!”

साहेबांच्या जिवात जीव आला. पगारवाढ नाही, बोनस नाही, नुसता भोंगा! “कॉलनीत नीट ऐकू येत नाही म्हणता? होऊन जाईल. समोरच्या साहेबांशी मी बोलतो. दोन्ही कंपन्या मिळून तुमच्या कॉलनीतच स्वतंत्र भोंगा बसवून देऊ. मग तर झालं?”

गर्दीनं पुन्हा आरोळी दिली. आणि ती विरते न विरते तोच दोन्ही कारखान्यांचे भोंगे झाले. आधी जाड, मग बारीक.

“बघा!” धोंडीराम बेभान होऊन ओरडला. “सरांनी वाजवायलाच लावला!”

सरांनी घड्याळात पाहिलं. साडेतीन. त्यांनी समोर पाहिलं. भिमाजी आपलं घड्याळ त्यांच्यापुढं धरून उभा होता, त्यात अडीच. सर जागच्या जागी गार पडले. जाड भोंगा, खुर्चीच्या पायाचं बूच, बाकावर उभं केलेलं पोरगं, एकामागून एक सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. एक तोंड बंद केलं की आवाज थांबत नाही, खाली उतरतो. गाढवा, किती वेळा सांगायचं? आयुष्यात पहिल्यांदा सरांचा राग जिथं जायचा तिथं पोचला, आणि नेमका तेव्हाच तोंडातून शब्द काढायची सोय उरली नव्हती. धोंडीरामनं त्यांना खांद्यावर उचललं होतं.

आठ दिवसांत कंपनीची माणसं भोंगा घेऊन कॉलनीत आली. भोंगा उंचावर हवा, आणि कॉलनीत सगळ्यांत उंच खांब एकच होता.

“मान सरांचाच!” धोंडीरामनं जाहीर केलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सर नको म्हणायला तोंड उघडणार होते. पण नको म्हटलं की का नको ते सांगावं लागलं असतं, आणि एकदा का भोंग्याबद्दल बोलणं निघालं की ते फिरून फिरून कुठं येणार हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी तोंड मिटलं. खांबावर चढलेल्या कोंडाजीनं जुनी नळी सोडवून हातात घेतली. “दाजी, हिच्या बुडात बूच कुणी मारलं?”

“टाक खाली,” सर म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलताना त्यांना यशोदाबाईंनी कधी ऐकलं नव्हतं.

वैशाखात कोंडाजीचं लग्न झालं आणि तो त्र्यंबक रस्त्याच्या खोलीवर राहायला गेला. पुढची खोली मोकळी झाली. सर आता तिथल्या खाटेवर पाय पसरून झोपतात, आणि भोंगा बरोबर त्यांच्या डोक्यावर आहे. तो झाला की मांडणीवरची ताटं थरथरतात आणि टीव्हीतलं चित्र उडतं. एका दुपारी कोंडाजी नव्या बायकोला घेऊन जेवायला आला होता.

“खोली कशी आहे?” सरांनी विचारलं.

“लय झकास, दाजी. तिकडं भोंगाच ऐकू येत नाय. दुपारी अशी झोप लागते म्हणून सांगू!” कोंडाजीनं मनगट पुढं केलं. त्यावर नवंकोरं घड्याळ होतं. “तुम्ही म्हणला व्हता ना, माणसानं घड्याळावर चालावं? पटलं मला.”

सर काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात वर भोंगा झाला. दोन्ही कानांवर उशी दाबून ते तो संपेपर्यंत थांबले. मग त्यांनी उशाखालून आपलं घड्याळ काढलं आणि काटे अडीचवर आणून ठेवले.